उत्तरायणातील पक्षीबचाव पथकाचे मन कसे सांभाळावे

बडोद्यात १४ जानेवारीला उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण असते. या दोन दिवसांत मांजाने कापलेले पारवे, घारी, शराटी, बगळे आणि घुबडे उपचार केंद्रांत येत राहतात. पक्षी कसा उचलावा, टॉवेलमध्ये कसा गुंडाळावा आणि अंधाऱ्या खोक्यात शांत कसा ठेवावा, हे आपण नव्या स्वयंसेवकाला शिकवतो. तो पक्षी हातात मेला तर काय होते, हे मात्र बहुतेक पथकांत शिकवले जात नाही. हा लेख पथकप्रमुखांसाठी आहे, कारण स्वयंसेवकाचे मन सांभाळणे हे पाळ्या लावण्याइतकेच त्यांचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात डिसेंबरच्या बैठकीतच करावी. आलेले सगळे पक्षी वाचत नाहीत आणि वाचलेले सगळे पुन्हा उडत नाहीत, हे तेव्हाच स्पष्ट शब्दांत सांगावे. खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली पंखाची पातळ त्वचा आणि तिच्या कडेने जाणारा स्नायुबंध मांजाने तुटला, तर जखम भरूनही पंख पुरता उघडत नाही. हे आधी माहीत असलेल्या माणसाला पक्षी गेल्यावर दुःख होतेच, पण त्याचे खापर तो स्वतःच्या हातांवर फोडत नाही. याच बैठकीत प्रत्येकाला एकांतात विचारावे की घरी अलीकडे कोणी गेले आहे का, झोप नीट लागते का, आणि रक्त पाहणे जमेल का. ज्याला जमणार नसेल त्याला दूरध्वनी, नोंदवही किंवा वाहतूक यांचे काम द्यावे आणि ते काम कमी प्रतीचे आहे असे कोणालाही बोलू देऊ नये.

पाळी सहा तासांहून मोठी ठेवू नये. थवे संध्याकाळी परततात तेव्हा आकाशात दोर असतातच, त्यामुळे दिवसभर थकलेल्या माणसांच्या अंगावर सर्वांत कठीण तास येतात. म्हणून संध्याकाळसाठी ताजी तुकडी राखून ठेवावी. नव्या स्वयंसेवकाची अनुभवी माणसाबरोबर जोडी लावावी, आणि जोडीतल्या दोघांनी एकमेकांना जेवायला उठवावे. ‘मी ठीक आहे’ म्हणत उभा राहणारा माणूस अनेकदा सकाळपासून काहीच खाल्लेला नसतो.

आता सर्वांत नाजूक भागाकडे येतो. दयामरणाचा निर्णय पशुवैद्यांचाच असावा, आणि स्वयंसेवकासमोर ते कारणासह तसे बोलून दाखवावे, म्हणजे त्या निर्णयाचे ओझे एकोणीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर राहणार नाही. हे आम्ही चुकीतून शिकलो. आमच्या पथकातील एका मुलीने एक घार दोन तास मांडीवरील खोक्यात सांभाळून आणली होती. घारीचे नखे रुतलेले पंजे टॉवेलमधून सोडवताना ती एकेक धागा कात्रीने कापत होती, म्हणजे पक्ष्याला झटका बसू नये. रात्री त्या घारीला दयामरण दिले गेले आणि गर्दीत कोणीही, मीसुद्धा, तिला सांगितले नाही. ती तीन दिवस येऊन ‘माझी घार कशी आहे?’ असे विचारत राहिली, आणि चौथ्या दिवशी तिला नोंदवहीतून कळले. पक्षी गेल्याच्या दुःखाहून, आपल्याला कोणी सांगितले नाही, हे तिला जास्त लागले होते.

तेव्हापासून नोंदवहीत शेवटचा रकाना ‘आणणाऱ्याला कळवले’ असा आहे. पथकप्रमुखाने रात्री वही मिटण्यापूर्वी तो रकाना भरावा. बातमी शक्यतो समोर बसून, सरळ शब्दांत सांगावी: ‘घार गेली. पंख तुटला होता, तिला वेदना होत होत्या, म्हणून डॉक्टरांनी तिला झोपवले. तू तिला शांत ठेवून आणलेस.’ ‘एवढे मनाला लावून घेऊ नकोस’ हे वाक्य कधीही उच्चारू नये. पक्षी वाचला असेल, तर तेही त्याच तत्परतेने कळवावे आणि शक्य झाल्यास सोडण्याच्या वेळी त्याला बोलवावे.

घरचाही विचार करावा. संक्रांतीच्या दिवशी दांडिया बाजारातील घरी परतणाऱ्या मुलाला गच्चीवर भाऊ पतंग उडवताना दिसतो आणि हातात तिळगूळ मिळतो. त्याच हातांनी त्याने तासापूर्वी मांजा सोडवलेला असतो. आईवडिलांशी आधीच बोलून ठेवावे की त्या रात्री त्याला प्रश्न विचारण्याऐवजी आंघोळीचे गरम पाणी आणि जेवण द्यावे, आणि तो स्वतःहून बोलला तर ऐकावे.

सण संपल्यावर सगळ्यांना गोल बसवून ‘मन मोकळे करा’ असा आग्रह धरू नये. भीषण अनुभवानंतर लगेच सक्तीने बोलायला लावण्याची पद्धत आता सुचवली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतील तीन पायऱ्या पुरेशा आहेत: पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. चहाला बसावे, जो बोलेल त्याला बोलू द्यावे, जो गप्प राहील त्याला गप्प राहू द्यावे, आणि आठवडाभराने प्रत्येकाला एकेकट्याने फोन करावा.

त्या फोनवर कान उघडे ठेवावेत. तेच दृश्य वारंवार डोळ्यांसमोर येणे, झोप उडणे, चिडचिड, पक्ष्यांविषयी काहीच न वाटणे, किंवा उलट, एकही दिवस सुटी घेऊ न शकणे, ही करुणेच्या थकव्याची लक्षणे आहेत. ही संकल्पना १९९२ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात पुढे आली आणि आपल्या कामालाही ती तंतोतंत लागू पडते. दोन आठवड्यांनंतरही हे टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही शासकीय मदतवाहिनी चोवीस तास विनामूल्य असून तेथे मराठी व गुजराती दोन्ही भाषांत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे बोलण्यातून जाणवले, तर आत्महत्येचा विचार येतो का, असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवून द्यावी. दयामरणाची औषधे कायम पशुवैद्यांच्या कुलुपातच असावीत.

उत्तरायणानंतरच्या रविवारी झाडांवर आणि तारांवर लटकलेला मांजा गोळा करण्याची फेरी काढावी, तारांजवळचा मांजा मात्र वीज कर्मचाऱ्यांकडूनच काढून घ्यावा. हा मांजा पुढचे कित्येक आठवडे पक्ष्यांना अडकवत राहतो. ज्यांच्या हातात पक्षी गेले, त्यांना या फेरीला आवर्जून बोलवावे, कारण येथे काम पूर्ण झाल्याचे डोळ्यांना दिसते. गोळा झालेल्या मांजाचे बारीक तुकडे करून बंद पिशवीत भरावेत, पिशवी तराजूवर ठेवावी आणि वजन त्याच नोंदवहीत, खोक्यांच्या यादीखाली, सर्वांच्या सह्यांसह लिहावे.