सांत्वनाला गर्दी, तहसीलला कोणी नाही: शेतकरी कुटुंबाला आधार देताना या चुका टाळा

शेतकरी अडचणीत आहे हे कळल्यावर धावून येणारे बहुतेक जण दोन गोष्टी घेऊन येतात: उपदेश आणि किराणा. किराणा पंधरा दिवसांत संपतो, उपदेश त्याच्याही आधी. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांत त्याच त्या चुका वर्षानुवर्षं होत आहेत. करणारे वाईट नसतात. घाईत असतात, एवढंच. नव्या उत्साहाने आलेल्या तरुण मंडळांना तर पहिल्याच रविवारी कुणाचं तरी आयुष्य सावरून टाकायचं असतं.

समजावत सुटणं

"अरे, तू एवढा धडधाकट गडी." "बायकापोरांकडे बघ जरा." "बहात्तरच्या दुष्काळात आपल्या आज्याने काय कमी सोसलं?" ही तीन वाक्यं ऐकली की समोरचा माणूस मान हलवतो आणि गप्प होतो. समजावणाऱ्याला वाटतं, पटलं. प्रत्यक्षात त्याने एवढंच ताडलेलं असतं की या माणसाला पुढचं सांगण्यात अर्थ नाही. कर्जाची लाज होतीच, त्यात आता आपण कच्चे असल्याची लाज मिळते.

आधी जागा बदला. घरात म्हाताऱ्या बापासमोर आणि पोरांसमोर कुणीही खरं बोलत नाही. संध्याकाळी कामं आटोपल्यावर बांधावर जा, किंवा तो पाणी द्यायला निघाला की सोबत निघा. शेजारी शेजारी चालताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून बोलत नाही. सुरुवात पिकापासून करा, मग झोप, मग जेवण, मग देणं. "किती कर्ज आहे?" हा पहिला प्रश्न नको, तो वसुलीवाल्याचा प्रश्न आहे.

खुणा डोळसपणे पाहाव्या लागतात. पैसे मागणारे भेटतील म्हणून आठवडी बाजार टाळणं. फोन बंद ठेवणं. पेरलेल्या रानाकडे आठ-आठ दिवस न फिरकणं. पहाटे तीनला उठून बसणं. दारू वाढणं. दुभती म्हैस किंवा बैलजोडी कारण नसताना विकणं. शाळकरी पोराला "अमक्याचे इतके द्यायचे आहेत" असे व्यवहार समजावून सांगणं. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे फार दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत होणं. घरचे म्हणतात, "आता बरा आहे." अशा वेळी जास्त जवळ राहायचं असतं.

शंका आली तर सरळ विचारा: "भाऊ, जीव द्यायचा विचार येतो का मनात?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बहुतेकांना मोकळं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी हलवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला सांगावंच लागतं, आणि ते त्याला सांगूनच करावं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. नंबर चिठ्ठीवर लिहून देऊन निघून जाऊ नका, आपल्या फोनवरून लावून द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. पहिल्या खेपेला सोबत जा. एकटा गेलेला माणूस केसपेपरच्या रांगेतून परत येतो.

गोळ्या सुरू झाल्या की दुसरी अडचण येते. उदासीनतेच्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून काही जण सोडतात, तर काही जण दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही. गावातल्या आशाताईंना विसरू नका. राज्याचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून १४ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात घरोघरी जाऊन अशी माणसं हेरण्याचं काम त्यांच्याचकडे दिलं होतं. कुठल्या घरात काय शिजतंय हे त्यांना तुमच्या मंडळाच्या आधी कळलेलं असतं.

औषध घरात ठेवणं

हंगामाच्या सुरुवातीला कृषी केंद्रातून उधारीवर सगळी औषधं एकदम आणायची, उरलेली माळ्यावर नाहीतर पलंगाखाली ढकलायची. घरोघर हेच. कित्येकदा जीव देण्याचा विचार आणि कृती यांत तासाभराचंही अंतर नसतं. तो तास टळला तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. श्रीलंकेने सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. गावपातळीवर करण्यासारखं साधं आहे: एका फवारणीपुरतंच औषध आणा, पत्र्याच्या पेटीला कुलूप लावा, पेटी घराबाहेर ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. दोन-तीन घरं मिळून एक सामायिक पेटी ठेवली तर कुणा एकाकडे बोट दाखवल्यासारखंही होत नाही.

विषबाधा झालीच तर मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढू नका. फुप्फुसात गेलं तर जास्त घात होतो. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, डाव्या कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. बाटली नसली की डॉक्टरांची अर्धी लढाई अंदाजावर चालते. पोलिसांच्या भीतीने "चुकून प्यायला" असंही सांगू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षेची भीती नाही. खरं सांगितलं तरच त्याला मानसोपचार मिळतो. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. नेमके तेव्हाच नातेवाईक "आमचं नाक कापलंस" सुरू करतात.

पहिला जबाब कुणीही देऊन टाकणं

गाव बदललं तरी हा प्रकार बदलत नाही. शेतकऱ्याने जीव दिलेला असतो. घरात आक्रोश चालू असतो, बाई शुद्धीवर नसते. पोलीस पाटील आणि जमादार येतात. जबाबाला पुढे होतो कुणीतरी चुलतभाऊ. कर्जाचं बोललं तर घराण्याची अब्रू जाईल म्हणून तो सांगतो, "पोटाच्या दुखण्याला कंटाळला होता." नाहीतर शेजारी सांगतो, "प्यायचा, घरात कटकट होती." ते कागदावर चढतं. पुढे सरकारी मदतीचं प्रकरण तहसीलमार्गे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जातं आणि शेरा येतो: अपात्र. सहा महिन्यांनी तीच बाई सोसायटीची (गावातल्या कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेची) थकबाकीची नोटीस घेऊन दारोदार फिरते, पण पहिल्या जबाबात कर्जाचं अक्षर नसतं.

२००५-०६ च्या शासन निर्णयांप्रमाणे पात्र प्रकरणात १ लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. समिती तीन गोष्टी पाहते: जमीन, कर्ज, आणि त्या कर्जाची थकबाकी किंवा वसुलीचा तगादा. कर्ज राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. बिनपरवाना सावकाराचं देणं खरं असलं तरी मोजलं जात नाही. म्हणून बँकेचा किंवा सोसायटीचा उतारा पहिल्याच आठवड्यात काढा. जमीन वडिलांच्या नावावर आहे म्हणून प्रकरण सोडून देऊ नका, कुटुंबातल्या माणसाच्या नावची जमीन चालते. इथे खोटं सांगायला कुणी सांगत नाही. दुखणं होतं आणि कर्जही होतं, तर दोन्ही सांगा. जबाब देणारा घरचा आणि व्यवहार माहीत असलेला असावा. सही करण्याआधी जबाब वाचून घ्यावा.

एक गफलत सर्रास होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना वेगळी आहे. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, बुडणं, फवारताना झालेली विषबाधा अशा अपघाती मृत्यूला तिच्यात २ लाख मिळतात. वयाची अट १० ते ७५, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. आत्महत्या तिच्यात बसत नाही. उलट साप चावून गेलेल्या माणसाचं "कशाला चिरफाड" म्हणून शवविच्छेदन टाळलं की हातची मदत अडू शकते.

कागद विखुरलेले ठेवणं

एक प्लॅस्टिकची फाइल करा आणि ती घरातल्या बाईच्याच हातात द्या, कार्यकर्त्याच्या बॅगेत नको. मृत्यू दाखल्याच्या डझनभर प्रती, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, ८-अ, रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, आणि पासबुक शेवटच्या पानापर्यंत भरून आणलेलं.

पासबुकात मे-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे: २ लाख, मृत्यू कोणत्याही कारणाने असो, आत्महत्येलाही. २० रुपये कापले असतील तर ती सुरक्षा विमा योजना, फक्त अपघाताला. कित्येक घरांना हा विमा आहे हेच ठाऊक नसतं, कारण बँकेने खातं उघडतानाच सही घेतलेली असते. बँक आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका.

गेलेल्या माणसाचं सिम बंद पडू देऊ नका. घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं बहुधा त्याच नंबरला जोडलेली असतात, ओटीपी तिथेच जातो. आधी बाईच्या आधारला नवा नंबर जोडा, मग रिचार्ज थांबवा. आणि त्याच्या एटीएम कार्डाने पैसे काढायचे नाहीत. पुढे वारसांत भांडण लागलं की तेच पुढे करतात.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत गेला पाहिजे (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव तलाठीच म्हणतं). आधी ६-क मध्ये (वारसांच्या नोंदवहीत) वारस नोंद होते, मग फेरफार (जमिनीवरचं नाव बदलण्याची नोंद), नोटिशीचे पंधरा दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आधीच बघा. लग्नाआधीच्या नावाचं आधार कार्ड निम्म्या प्रकरणांत अडतं.

याच दिवसांत दीर किंवा सासरा "तात्पुरतं" म्हणून हक्कसोडपत्र पुढे करतो. तेरवीच्या गर्दीत कसलीही सही करायची नाही, कोऱ्या स्टॅम्पवर तर नाहीच. अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही. हे एक वाक्य दारात उभं राहून मोठ्याने सांगितलं तरी पुष्कळदा कागद परत खिशात जातो.

आणखी काही, थोडक्यात

मदतीचा चेक हातात देताना फोटो काढू नका. पोरं शाळेत जातात, तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर असतो.

"काय झालं होतं त्या दिवशी?" हे भेटीला येणाऱ्या प्रत्येकाने विधवेला विचारायचं नसतं.

तेरवी उसनवारीवर घालू नका. गावजेवण आखडतं घ्या म्हणायला भावकीतलाच एक वडीलधारा गाठा, बाहेरच्याचं कुणी ऐकत नाही.

नवं-जुनं करायला, म्हणजे बँकेचं जुनं कर्ज भरून नवं उचलायला, सावकाराकडे जाणं. दीड लाख महिन्याला शेकडा तीनने पंधरा दिवसांसाठी घेतले आणि बँकेने नवं कर्ज द्यायला दीड महिना लावला, तर ६,७५० रुपये व्याज गेलं. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करता येते. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झालेली असेल तर आधी बँकेत पुनर्गठनाचा (कर्जफेडीची मुदत वाढवून मिळण्याचा) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की "वरून आदेश नाही" एवढंच ऐकू येतं.

पीक विम्याबद्दल जुनं ज्ञान वाटू नका. एक रुपयाची योजना खरीप २०२५ पासून बंद झाली, आणि राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या शेतातलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर, आली. नियम दर हंगामाला बघून मगच बोला.

मुलांसाठी बालसंगोपन योजना (दरमहा २,२५०) आणि बाईसाठी संजय गांधी निराधार योजना, यांचे अर्ज महिला-बालविकास कार्यालयात आणि तहसीलमध्ये वेगवेगळे द्यावे लागतात. 'तहसीलला दिलाय म्हणजे झालं' असं समजून एक अर्ज हमखास राहतो.

तिसऱ्या महिन्यात कोणीच नसणं

पहिल्या तेरा दिवसांत अंगणात चपला मावत नाहीत. नंतर फेरफार अडकलेला असतो, कृषी केंद्रवाला उधारी बंद करतो आणि बाईला पेरणीचा निर्णय एकटीने घ्यायचा असतो. तुमच्याकडे देण्यासारखे चार दिवस असतील तर त्यातला एकच सांत्वनाला द्या. एक तहसीलसाठी, एक बँकेसाठी आणि एक मे महिन्यासाठी राखा. फेरफार झाला की लगेच तिला सोसायटीचं सभासद करून घ्यायचं, जुन्या थकबाकीचा उतारा लेखी मागायचा आणि पीक कर्जाचा अर्ज तिच्या नावाने द्यायचा. हे मृगाआधी झालं नाही तर ती बियाण्यासाठी त्याच सावकाराच्या दारात उभी राहते. पेरणीला बैलजोडी किंवा ट्रॅक्टर कोण देणार, कोणत्या दिवशी देणार आणि डिझेल कुणाचं, हेही मे महिन्यातच ठरवा. पहिला पाऊस पडल्यावर प्रत्येकाला आधी आपलं रान दिसतं.