कोअर कटिंगआधी स्लॅब स्कॅन करताना या चुका टाळा

स्लॅबमधून ड्रेनेजचा पाइप न्यायचा असेल, तर गोल छिद्र पाडण्याआधी (यालाच कोअर कटिंग म्हणतात) जीपीआर रडारने, म्हणजे रेडिओ लहरी आत सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडणाऱ्या मशीनने, आतल्या सळया आणि वायरिंग शोधून घेतात. मशीन चांगलं असतं, तरी केबल तुटते किंवा मुख्य सळई कापली जाते. बहुतेक वेळा दोष स्कॅन घेण्याच्या आणि वाचण्याच्या पद्धतीत असतो.

स्क्रीनवरची खोली तशीच मान्य करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रडार खोली मोजत नाही, वेळ मोजतं. लहर आत जाऊन परत यायला किती नॅनोसेकंद लागले एवढंच त्याला कळतं. सेंटिमीटर निघतात ते आपण सेटिंगमध्ये दिलेल्या वेगावरून. कोरड्या काँक्रीटमध्ये हा वेग नॅनोसेकंदाला सुमारे १२ सेंमी असतो, तर ओलसर काँक्रीटमध्ये १० किंवा त्याहून कमी. आता बाथरूमखालच्या ओलसर स्लॅबवर सेटिंग १२ वरच ठेवलं, तर ६ सेंमी खोल असलेली केबल ७.२ सेंमीवर दिसेल. अँकर बोल्टसाठी साडेसहा सेंमी ड्रिल मारणारा निर्धास्त असतो आणि केबल तुटते.

उपाय सोपा आहे. जिना, डक्ट किंवा जुनं छिद्र असेल तिथे स्लॅबची खरी जाडी टेपने मोजा. फ्लोअरिंग आणि प्लास्टर त्यात धरायचं की नाही, हे स्कॅन कोणत्या थरावरून घेताय त्यावर ठरवा. मग त्याच जागी स्कॅन घेऊन स्लॅबच्या तळाची रेघ त्या जाडीशी जुळेपर्यंत वेग बदला. स्क्रीनवर सळई कमानीसारखी दिसते. तळ दिसत नसेल तर या कमानीवर वक्र बसवून वेग काढता येतो, पण त्यासाठी स्कॅनची रेषा सळईला काटकोनातच हवी. तिरकी गेली तर कमान पसरट होते आणि वेग खऱ्यापेक्षा जास्त निघतो.

एकाच दिशेने मशीन फिरवणं

रेषेला आडव्या जाणाऱ्या सळया ठळक दिसतात, रेषेला समांतर असलेल्या निसटतात. म्हणून छिद्राच्या जागेभोवती निदान ६० × ६० सेंमीचा चौकोन आखा आणि दर ५ सेंमीवर एक, अशा दोन्ही दिशांना १३-१३ रेषा घ्या. दोन रेषांवर काम भागवलं तर नेमकी वायरिंग सुटते. आपल्याकडे कन्ड्युट (वायरिंगचा) पाइप पंख्याच्या बॉक्सपासून भिंतीकडे बऱ्याचदा तिरका टाकलेला असतो. सळयांच्या कमानी ठरावीक अंतरावर, प्रत्येक रेषेत त्याच जागी येतात, कन्ड्युटची कमान मात्र रेषेगणिक सरकत जाते. ओळखण्याची खूण हीच, कारण पीव्हीसी पाइपचा प्रतिध्वनी मुळातच फिका असतो.

चाक आणि खूण

फरशीवर धूळ असली की मशीनचं चाक घसरतं आणि अंतर चुकतं. आधी झाडून घ्या, टेप लावून १ मीटर चालवून पाहा. १ सेंमीहून जास्त फरक आला तर चाक कॅलिब्रेट करा. मार्करची खूणही मशीनच्या पुढच्या कडेशी करू नका. बाजूला अँटेनाच्या मध्याची खाच असते, तिथे करा.

धातूपलीकडे पाहायला जाणं

प्लास्टरमधली दाट चिकन मेश (तारेची जाळी), फॉइल किंवा डेक शीट (स्लॅबखालचा लोखंडी पत्रा) असेल तर पलीकडचं काही दिसणार नाही. फ्रिक्वेन्सी बदलूनही फरक पडत नाही. डेक शीटचा स्लॅब वरूनच स्कॅन करा. सळयांची जाळी फार दाट असेल तर खालचा थर झाकला जातो. अशा वेळी दोन्ही बाजूंनी स्कॅन घ्या. सळईचा व्यास रडारवरून सांगू नका, त्यासाठी कव्हर मीटर (सळई शोधणारं चुंबकीय यंत्र) वापरा.

थर्मल कॅमेरा हा रडारला पर्याय नाही. तो पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, खिडकीच्या काचेपलीकडचंही त्याला दिसत नाही. गरम पाण्याची लाइन मात्र नळ थोडा वेळ सोडून ठेवला की भिंतीवर उमटते.

पीटी केबल

ऑफिस इमारतींत स्लॅब पोस्ट-टेन्शन (पीटी), म्हणजे आत ताणून बसवलेल्या पोलादी केबलचा, असू शकतो, त्यामुळे ड्रॉइंग आधी मागून घ्या. या केबल कॉलमवर वरच्या बाजूला आणि दोन कॉलमच्या मधोमध तळाशी असतात, म्हणून एका ठिकाणी मिळालेली खोली दोन मीटर पुढे लागू होत नाही. अशा एका १२.७ मिमी स्ट्रँडमध्ये (पिळलेल्या तारांच्या केबलमध्ये) दहा टनांहून जास्त ताण असतो. स्कॅनमध्ये एकही कमान संशयास्पद राहिली, तर छिद्राची जागा बदला आणि नव्या जागेचा स्कॅन पहिल्यापासून घ्या.