पाण्यावरच्या रेघा: प्रतीकात्मक निसर्गचित्र वाचायला कुठून सुरुवात करावी

बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, कलेतिहासात युरोपचा प्रतीकवाद (दिसणाऱ्या गोष्टीतून न दिसणारा अर्थ सुचवणारी कलाचळवळ) आला की बरीच मुलं नोट्स पाठ करतात, नाहीतर 'निळा म्हणजे शांती, झाड म्हणजे जीवन' असा तयार कोश चित्राला लावून मोकळी होतात. त्यानं पेपर निघतो, पण चित्राशी ओळख होत नाही. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेपर्यंत गावातच होतो, पुढचं शिक्षण नागपूरला झालं. सुट्टीत गावी गेलो की चित्रकलेला जाऊ म्हणणारी मुलं भेटतात. त्यांना मी एकाच चित्रापासून सुरुवात करायला लावतो: फिनलंडच्या अक्सेली गालेन-काल्लेला याचं 1905 सालचं 'केइतेले तलाव'.

चित्र लहानसंच आहे, साधारण 53 बाय 66 सेंटीमीटर. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि गॅलरीच्या संकेतस्थळावर ते मोठं करून पाहता येतं. रेंज मिळेल तिथे बसून एकदा उघडा आणि वेगवेगळ्या भागांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे घरी नेटवाचून अडत नाही. चित्रकार, साल, कलेतला वाद (इझम) यांबद्दल काही वाचण्याआधी जे डोळ्यांना दिसतं तेवढंच वहीत उतरवा.

काय दिसतं? क्षितिज फार वर आहे. आकाशाला अरुंद पट्टी मिळाली आहे. त्याखाली झाडीनं भरलेलं बेट आणि त्याचं प्रतिबिंब. उरलेली सगळी जागा पाण्याची. माणूस नाही, होडी नाही, पक्षीही नाही. आणि या पाण्यावरून नागमोडी, टोकदार वळणं घेत गेलेले राखाडी-रुपेरी पट्टे. ते प्रतिबिंबालाही कापून जातात. या पट्ट्यांना वेळ द्या. पेन्सिलनं फक्त तेवढेच काढून पाहा. नजर कुठून आत शिरते आणि कुठे वळते ते हाताला कळतं.

आता इथे आपल्याकडच्या मुलांचं पारडं जड आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठानं वाढलेल्या कोणालाही हे पट्टे अनोळखी नाहीत. सकाळी बांधावर उभं राहिलं की अर्धं पाणी स्थिर दिसतं आणि मधूनच एखादा खरबरीत पट्टा सरकत जातो. डोंगा (लहान होडी) घेऊन मासे धरायला निघालेल्या ढिवरकाकांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "हवा जाऊन राहिली जी तिथून." नेमकं हेच कारण आहे. वारा जिथे पाण्याला शिवतो तिथे बारीक लहरी उठतात, त्या आकाशाचा वेगळाच भाग परावर्तित करतात, म्हणून तेवढ्या पाण्याचा टोन बदलतो. म्हणजे चित्रकारानं पट्टे मनानं रचलेले नाहीत, ते पाहिलेले आहेत. हे आधी वहीत नोंदवा. पाहिलेल्याचा पाया नसेल तर प्रतीकाच्या गोष्टीला काही अर्थ उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग दुसरा थर. फिनिश लोकांच्या मौखिक गाण्यांवरून एलियास ल्योनरोटनं 'कालेवाला' हे महाकाव्य रचलं. पहिली आवृत्ती 1835 ची, वाढवलेली 1849 ची. त्यातला वृद्ध गायक-नायक वाइनामॉइनेन नाव वल्हवत गेला आणि मागे पाण्यावर माग उरला, अशा अर्थानं हे पट्टे वाचले जातात. फिनलंड 1809 पासून रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, 1899 च्या फर्मानानं त्याची स्वायत्तता आणखी आवळली, स्वातंत्र्य मिळालं ते 1917 मध्ये. अशा काळात आपल्या तलावावर आपल्याच पुराणपुरुषाचा माग दाखवणं ही साधी गोष्ट नव्हती. गालेन-काल्लेलानं 1890 च्या दशकात याच महाकाव्यातले प्रसंग पात्रांसकट रंगवले होते, 1897 चं 'लेम्मिनकाइनेनची आई' शोधून पाहा. केइतेलेमध्ये पात्र गेलं आणि फक्त खूण उरली. मला या चित्राचं मोठेपण यातच दिसतं.

हे परकं वाटत असेल तर आपल्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध तलाव आठवा. तो तलाव बांधणारा कोलू पाटील कोहळी लोकांच्या श्रद्धेत कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं तिथल्याच टेकडीवर आहे, आणि भोवतालच्या सात डोंगरांना सातबहिणी म्हणतात. बाहेरचा माणूस तिथे पाणी आणि डोंगर बघेल. गावच्या माणसाला कोलासूर दिसेल, त्यासाठी चित्रात मूर्ती काढावी लागणार नाही. फिनिश प्रेक्षकाचंही तसंच आहे.

लिहिताना हे दोन थर एकमेकांत कालवू नका. 'चित्रात वाइनामॉइनेन आहे' हे वाक्य चूक आहे, कारण तो चित्रात नाही. 'वाऱ्यानं उठलेले पट्टे, होडी न दाखवता, वाइनामॉइनेनच्या वल्ह्यांचा माग सुचवतात' हे चालेल. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) 'पुरावा काय?' असं विचारलं तर गडबडू नका. चित्रकाराची आधीची कालेवाला-चित्रं सांगा. त्यानं याच पाण्याच्या चार आवृत्त्या केल्या, हेही सांगा. एका सकाळच्या लहरीखातर कोणी तेच दृश्य चारदा रंगवत नाही. उंच क्षितिजाचा मुद्दा आला तर जपानी छापचित्रांचा त्या काळच्या युरोपवरचा प्रभाव दोन ओळींत पुरतो.

परदेशी नावांचं फार दडपण घेऊ नका. मराठीत एकदा नीट लिहून ठेवा आणि सगळीकडे तसंच वापरा.

हे जमलं की डच चित्रकार पीट मोन्द्रियानचं 'संध्याकाळ: लाल झाड' घ्या, 1908 ते 1910 मधलं. निळ्या संध्याकाळीत एकच लालभडक, पानं झडलेलं झाड. इथे पुराणकथा हाताशी नाही, त्यामुळे प्रतीक कुठून येतं हे तुम्हालाच शोधावं लागेल. आधी फांद्या नीट काढून बघा, कोणत्या बाजूला झुकल्या आहेत ते. मग हा धागा घ्या: मोन्द्रियान 1909 साली थिऑसॉफिकल सोसायटीचा, म्हणजे सगळ्या धर्मांमागे एकच गूढ सत्य आहे असं मानणाऱ्या संस्थेचा, सभासद झाला होता.