इलेक्ट्रॉनिक संगीताचा डीजे होताना : या चुका टाळा

मिरवणुकीतल्या गाडीवरचा आवाज सोलापूरकराला लहानपणापासून ओळखीचा असतो. हाऊस, टेक्नो किंवा ट्रान्स हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार वाजवणाऱ्या डीजेचे काम मात्र निराळे आहे. एक ट्रॅक चालू असताना दुसरा त्याच्यात असा मिसळायचा की नाचणाऱ्याचे पाऊल अडखळू नये, आणि तासाभराच्या सेटमध्ये गर्दीचा उत्साह हळूहळू चढवत न्यायचा. हे काम मनापासून शिकू पाहणारी मुले-मुली आज शहरात आहेत. त्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ एकाच सवयीत सापडते : कानाने ऐकायच्या आधी डोळ्यांनी स्क्रीन पाहण्याची सवय. पुढच्या बहुतेक चुका याच सवयीच्या शाखा आहेत.

खरेदीबद्दल थोडक्यात सांगता येते. चार चॅनेलचा, म्हणजे एका वेळी चार ट्रॅक हाताळणारा, महाग कंट्रोलर (लॅपटॉपमधले मिक्सिंग हाताने चालवण्याचे बटणांचे उपकरण) पहिल्या वर्षी कामाचा नाही. दोन चॅनेलचा साधा कंट्रोलर, लॅपटॉप आणि कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन पुरेसा आहे. सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी, नावाच्या शेवटी तीन एक्स असलेले ‘मिक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. खरी चूक पुढे होते, ती म्हणजे सरावासाठी घरातला ब्लूटूथ स्पीकर जोडण्याची. ब्लूटूथमधून आवाज सेकंदाच्या एक-दोन दशांशाने उशिरा येऊ शकतो. १२५ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२५ ठोक्यांच्या, ट्रॅकमध्ये एक ठोका ०.४८ सेकंदाचा असतो. म्हणजे दीड दशांश सेकंदाचा उशीरही ठोक्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका होतो. हेडफोनमध्ये जुळलेले स्पीकरवर विस्कटलेले ऐकू येते आणि शिकणारा बरोबर असलेली गोष्ट दुरुस्त करत बसतो. स्पीकर जुना असला तरी चालेल, पण तो वायरनेच जोडावा.

ठोके जुळवण्यासाठी सिंक बटण, म्हणजे दोन ट्रॅकचे ठोके आपोआप जुळवणारे बटण, वापरणे मुळीच कमीपणाचे नाही. मात्र सिंक आंधळे असते : सॉफ्टवेअरने ट्रॅकवर आखलेली बीटग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या जागा दाखवणाऱ्या रेघा, चुकली असेल, तर सिंक ती चूक इमानाने पुढे नेते. १९७९ साली आलेल्या टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके-२ या टर्नटेबलवर (तबकडी वाजवण्याच्या यंत्रावर) वेग अधिक-उणे ८ टक्के बदलणारी पट्टी होती आणि ठोके जुळवणे सर्वस्वी कानावर होते. ती परीक्षा आजही स्वतःची घेता येते. लॅपटॉपचा पडदा कापडाने झाकावा, सिंक बंद करावे आणि एकाच वेगाच्या आसपासचे दोन ट्रॅक केवळ ऐकून जुळवावेत. दोन ट्रॅकच्या वेगात अर्ध्या बीपीएमचा फरक राहिला, तर पंधरा सेकंदांत ते ठोक्याच्या आठव्या हिश्शाने सरकतात आणि दोन किक ड्रम (प्रत्येक ठोक्यावरचे जाड धम्म) घोड्याच्या टापांसारखे एकापाठोपाठ पडू लागतात. हा आवाज एकदा ओळखता आला की चुकलेली ग्रिड स्क्रीनवर दिसण्याआधीच कानाला खटकते.

सोलापुरात ही कसोटी अधिक कठीण होते, कारण इथे फर्माईश एका भाषेत थांबत नाही. पूर्व भागातल्या हळदीत तेलुगू गाणे मागितले जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि मराठी-हिंदी तर हवेच असते. प्रत्यक्ष वादकांनी एकत्र बसून वाजवलेल्या जुन्या चित्रपटगीतांचा वेग यंत्रासारखा स्थिर नसतो. अंतऱ्यात तो किंचित वाढतो, ध्रुवपदाला परत येताना कमी होतो. अशा गाण्यावर सॉफ्टवेअरची सरळ ग्रिड टिकत नाही. शिवाय अनेक कोळीगीते सहा मात्रांच्या चालीची असतात, तर हाऊसचा ठोका चारांचा असतो. बीपीएमचा आकडा जुळला तरी ही दोन वजने एकमेकांवर बसत नाहीत. अशा ठिकाणी लांब मिश्रणाचा हट्ट सोडावा आणि चालू गाण्याच्या ओळीच्या शेवटी एको (विरत जाणारा प्रतिध्वनी) देऊन पुढचे गाणे समेवर स्वच्छ सुरू करावे. हलगी किंवा ताशाच्या तुकड्यांत सॉफ्टवेअर कधीकधी वेग निम्मा किंवा दुप्पट मोजते, म्हणजे १४० ऐवजी ७० दाखवते. तो आकडा कार्यक्रमात नव्हे, आदल्या दिवशी घरी दुरुस्त करायचा असतो.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. ठोके अचूक जुळूनही मिश्रण विचित्र वाटते, अशी तक्रार नवशिक्यांकडून नेहमी येते, आणि कारण बहुधा एकच असते : दुसरा ट्रॅक चुकीच्या जागी सुरू झालेला असतो. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची बांधणी चार ठोक्यांचा एक बार आणि आठ बारचे एक आवर्तन, म्हणजे ३२ ठोके, अशी बहुधा असते. हाय-हॅट (बारीक झांज) येणे, बेस थांबणे, ड्रॉप पडणे (थांबलेला ठेका जोरात परतणे) हे बदल साधारणपणे या आवर्तनाच्या सुरुवातीलाच होतात. १२५ बीपीएमला हे आवर्तन सुमारे साडेपंधरा सेकंदांत पूर्ण होते. नवा ट्रॅक एखाद्या आवर्तनाच्या मध्ये, समजा अकराव्या ठोक्यावर सोडला, तर एकाचा ब्रेकडाउन (ठेका थांबतो तो शांत भाग) दुसऱ्याच्या ऐन भरात येतो आणि ऐकणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी चुकल्याचे जाणवते. शाळेत लेझीम खेळलेल्या मुलाला हे गणित पायांना माहीत असते, कारण तिथेही हात कोणत्या मोजणीवर बदलायचा हे शरीरच सांगते. प्रत्येक ट्रॅक मिक्स करण्याआधी एकदा बोटांवर मोजत सलग ऐकावा, आवर्तनांच्या आरंभी क्यू पॉईंट (हव्या त्या जागेवरून ट्रॅक सुरू करण्याच्या खुणा) लावावेत आणि नवा ट्रॅक पहिल्याच ठोक्यावर सोडावा. या एका सवयीने जितका फरक पडतो, तितका कोणत्याही नव्या उपकरणाने पडत नाही.

त्यानंतरचा गोंधळ बेसचा. दोन ट्रॅकचे किक आणि बेस एकाच वेळी पूर्ण उघडे ठेवले की खालच्या कंपनसंख्या एकमेकींत मिसळून पातळी ६ डेसिबलपर्यंत वाढू शकते किंवा एकमेकींना खाऊन टाकू शकतात. दोन्ही प्रकारांत आवाज चिखलासारखा होतो. येणाऱ्या ट्रॅकचा लो-ईक्यू (बेस कमी-जास्त करणारे बटण) आधी खाली ठेवावा, आणि आवर्तन संपताच एका हाताने जुन्याचा बेस काढत दुसऱ्याने नव्याचा द्यावा. वेग बदलतानाही मर्यादा ओळखावी : की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असताना वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, आणि गायकाचा आवाज लगेच परका वाटू लागतो.

आवाज फाटतो म्हणून साऊंडवाल्याला दोष देण्याआधी मिक्सरचे दिवे पाहावेत. इथे मात्र डोळ्यांचा उपयोग आहे. पातळी सतत लाल दिव्यात असेल तर सिग्नलचे माथे तिथेच छाटले जात असतात आणि पुढे कितीही चांगला अँप्लिफायर असला तरी ते परत मिळत नाहीत. प्रत्येक चॅनेलचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) असा ठेवावा की सर्वांत जोरकस भागातही लाल दिवा लागू नये, आणि गर्दीला अधिक आवाज हवा असेल तर तो साऊंडवाल्याकडून वाढवून घ्यावा. दिवे योग्य असूनही आवाज पोकळ वाटत असेल, तर फाइल तपासावी. व्हिडिओवरून उतरवलेली १२८ केबीपीएसची (सेकंदाला इतके किलोबिट माहिती असलेली) फाइल मोबाईलवर ठीक वाटते. मोठ्या स्पीकरवर तिची झांज सळसळते. विकत घेतलेली ३२० केबीपीएसची एमपी-३ किंवा वेव्ह फाइलच वापरावी. १२८ ची फाइल ३२० मध्ये रूपांतरित केल्याने गेलेले तपशील परत येत नाहीत.

मंगल कार्यालयात ऐनवेळी उद्भवणाऱ्या अडचणी बहुधा ठरलेल्याच असतात. आवाज मध्येच तडतडत असेल तर सॉफ्टवेअरमधील बफर (आवाजाचा आगाऊ साठा) २५६ वरून ५१२ सॅम्पलवर न्यावा, लॅपटॉप पॉवर-सेव्हिंगमधून काढावा, वाय-फाय बंद करावे आणि कंट्रोलर यूएसबी हबऐवजी थेट पोर्टला जोडावा. स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल तर क्षणभर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशात आहे, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक वाटांनी अर्थिंगला जोडली गेली आहेत. सर्व उपकरणे एकाच बोर्डवरून घ्यावीत किंवा मध्ये डीआय बॉक्स (हा वळसा तोडणारी छोटी पेटी) लावावा. अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो कदापि करू नये, त्यात जीव जाऊ शकतो. पेन ड्राइव्ह प्लेअरवर वाचला जात नसेल तर तो एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेला असण्याची शक्यता मोठी. एफएटी-३२ फॉरमॅट सर्वांत निर्धोक, आणि तशाच तयारीचा दुसरा पेन ड्राइव्ह खिशात असावा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मंडपात लॅपटॉप उन्हात किंवा गादीवर ठेवू नये. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तडतड पुन्हा सुरू होते.

वेळेचे आणि पातळीचे नियमही डीजेला पाठ असले पाहिजेत, कारण तक्रार आली की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. शासन ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शासन शांतता क्षेत्र म्हणून घोषित करू शकते. कार्यक्रम घेण्याआधी परवानगीचा कागद कोणाच्या नावावर आहे, हे यजमानाला विचारून घ्यावे.

स्वतःच्या कानांचे गणित याहून कडक आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठी मानली जाणारी मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. मॉनिटर स्पीकर (डीजेला स्वतःला ऐकण्यासाठीचा) गरजेपुरताच ठेवावा, हेडफोन एका कानावर घेऊन आवाज कमी करावा, आणि स्वतःचा सेट नसताना स्पीकरसमोर उभे राहायचे असेल तर इअरप्लग घालावेत. कार्यक्रमानंतर कानात शिटी वाजत राहिली आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर सराव थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.