बाळाची लाळ गळतेय? दात येताना होणाऱ्या या चुका टाळा

दुसरा-तिसरा महिना संपत आला की बाळाची हनुवटी सतत ओली राहू लागते, मुठी तोंडात जाऊ लागतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "दात येतायत वाटतं." बहुतेक वेळा तसं नसतं. या वयात लाळग्रंथी जोमाने काम करू लागतात, पण तयार झालेली लाळ वेळच्या वेळी गिळून टाकणं बाळाला अजून जमत नाही. ओठ घट्ट मिटत नाहीत, लाळ अडवायला पुढचे दात नसतात, म्हणून ती गळते. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो. कुणाला चौथ्यात, तर कुणाला वर्ष झाल्यावर. तो वर सरकू लागला की हिरडी हुळहुळते, बाळ मिळेल ते चावतं आणि चावण्याने लाळ आणखी सुटते.

ही लाळ थांबवायची नसते. ती हिरड्या ओलसर ठेवते आणि तिच्यात जंतूंना रोखणारी द्रव्यंही असतात. गिळणं सुधारलं की दीड वर्षाच्या सुमारास गळणं बरंच कमी होतं. दोन वर्षांपर्यंत थोडीफार गळत राहिली तरी घाबरू नका.

सगळा दोष दातांना देणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ताप आला, दात. जुलाब झाले, दात. दूध सोडलं, तेही दातच. नेमका सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेल्या, रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा साठा ओसरलेला असतो आणि त्याच वेळी बाळ हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालत असतं. त्यामुळे दात येण्याचा काळ आणि संसर्गांचा काळ एकच होतो. 2016 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दात येताना प्रामुख्याने हिरड्यांची चुरचुर, किरकिर आणि लाळ हीच लक्षणं आढळली. अंग किंचित कोमट होऊ शकतं, पण खरा ताप दातांमुळे येत नाही.

म्हणून थर्मामीटर वापरा. 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि इतका ताप असेल, तर दिवस-रात्र न बघता लगेच डॉक्टरांकडे न्या. वारंवार पातळ शी, उलट्या, कान ओढत कळवळून रडणं हेही "दात आले की थांबेल" म्हणून सोडून देऊ नका.

हिरडीवर काहीतरी चोळणं

बधिर करणाऱ्या जेलचा मोह होतो, कारण रडणारं बाळ बघवत नाही. पण लाळेबरोबर ते जेल काही मिनिटांत धुऊन जातं आणि उरलेलं पोटात जातं. त्यातल्या बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे क्वचित रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटते, ओठ-नखं निळसर पडतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2018 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना अशी उत्पादनं देऊ नयेत असं स्पष्ट बजावलं. लिडोकेन या तशाच दुसऱ्या औषधाबद्दल तसाच इशारा 2014 मध्येच दिला होता. पूर्वी दात येताना द्यायच्या पावडरींत चक्क पाऱ्याचं संयुग असे आणि त्याने कित्येक मुलं गंभीर आजारी पडली. ब्रिटनमध्ये ते 1954 च्या सुमारास काढून टाकण्यात आलं. "हे तर सगळेच वापरतात" एवढ्यावर कशाचीही सुरक्षितता ठरवू नये, ते यासाठी.

मधही नको. वर्षाच्या आत मधामुळे बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. गळ्यात घालायच्या अंबरच्या मण्यांच्या माळाही नकोत. गळफास बसण्याचा आणि मणी घशात अडकण्याचा धोका खरा आहे.

हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी हलके दाबा. ओलं करून गार केलेलं स्वच्छ फडकं चावायला द्या. टीदर, म्हणजे दात येताना चावायला द्यायचं खेळणं, फ्रिजमध्ये गार करा, फ्रीझरमध्ये नाही. दगडासारखा गोठलेला टीदर हिरडीला इजा करतो. बाळ फारच बेजार असेल, तर वजनानुसार पॅरासिटामॉल किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून द्या. ॲस्पिरिन कधीही देऊ नका.

लाळ खसाखसा पुसणं

हनुवटीवर आणि मानेच्या वळ्यांत लाल पुरळ उठतं ते दातांमुळे नाही. ओली राहिलेली आणि वर पुसून पुसून घासलेली कातडी सोलवटते. मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. कोमट पाण्याने धुतल्यावर पूर्ण कोरडं करा आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा, म्हणजे पुढची लाळ थेट कातडीला लागणार नाही. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी लावली तर जास्त उपयोग होतो. पावडर टाळा, ती लाळेत चिकटून बसते आणि श्वासावाटे आत जाते. पुरळातून पाणी येत असेल किंवा पिवळट खपली धरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

लाळेरं भिजलं की लगेच बदला आणि झोपवताना न चुकता काढून ठेवा.

लाळ एवढी गळते म्हणून वरचं पाणी पाजायची गरज नसते. सहा महिन्यांपर्यंत दुधातूनच पुरेसं पाणी मिळतं.

लाळेतला फरक न ओळखणं

रोजची लाळ आणि अचानक सुटलेली लाळ वेगळी असते. एरवी कमी लाळ गाळणारं बाळ एकाएकी धारा लावू लागलं आणि दूधही घेईना, तर तोंडात किंवा घशात फोड आले असू शकतात. त्याच दिवशी दाखवा. सोबत श्वासाला घरघर असेल, गिळता येत नसेल, बाळ मान पुढे काढून बसत असेल किंवा बटणासारखी बॅटरी गिळल्याची नुसती शंका असेल, तर घशात आंधळेपणाने बोट घालू नका. उलटी करवू नका. थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.