जुनी छोटी फोर बाय फोर घेताना पेट्रोल की डिझेल, हे कसे ठरवावे

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी गाडीच्या प्रेमात पडतो आणि इंधनाचा विचार मागाहून करतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. आपल्याकडे चार मीटरच्या आसपास लांबीच्या जुन्या फोर बाय फोर गाड्या मोजक्याच मिळतात. त्यांतली मारुती जिप्सी फक्त पेट्रोलवर आली, २०१० साली आलेली पहिली थार फक्त डिझेलवर आली, आणि थोडी लांब असली तरी याच वर्गात धरली जाणारी रेनो डस्टरची चारही चाके फिरवणारी आवृत्तीही डिझेलच होती. त्यामुळे इंधन ठरले की निम्मी निवड आपोआप होते.

सर्वप्रथम आपली गाडी वर्षाला खरोखर किती धावणार आहे, हे कागदावर लिहून काढावे. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर असे धरले, आणि जिप्सीसारखी गाडी लिटरला १०, तर डिझेल गाडी १३ किलोमीटर देते असे मानले, तर किलोमीटरमागे सुमारे साडेतीन रुपयांचा फरक पडतो. वर्षाला १५,००० किलोमीटर धावणाऱ्याचे त्यात पन्नास हजारांच्या आसपास वाचतात, पण महिन्यातून दोनदा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्याचे, म्हणजे वर्षाला ४,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे, जेमतेम चौदा हजार वाचतात. कॉमन रेल डिझेलचे (एका सामाईक नळीतून जबर दाबाने इंधन फवारणाऱ्या इंजिनाचे) चार इंजेक्टर किंवा टर्बो एकदा दुरुस्तीला आले, की दुसऱ्या माणसाची काही वर्षांची बचत एकाच बिलात जाते. शिवाय डिझेल इंजिन तापायला वेळ घेते, आणि रोज दोन किलोमीटरवरच्या बाजारापुरतेच चालवले तर त्यात काजळी साठत जाते. म्हणून कमी आणि तुटक वापर असणाऱ्याने पेट्रोलच घ्यावे, असे मी स्पष्ट सांगेन.

खडकाळ चढावर मात्र डिझेलचा गुण लगेच जाणवतो. जिप्सीचे १.३ लिटरचे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेले) इंजिन सुमारे १०३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, देते आणि तोही ४,५०० आरपीएमला, तर थार सीआरडीईचे, म्हणजे कॉमन रेल थारचे, २.५ लिटरचे इंजिन २४७ न्यूटन मीटर टॉर्क २,००० आरपीएमच्या आतच देते. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जोडणीत, पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडावा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यावा. डिझेल गाडी दगडांवरून सावकाश चढत राहते. पेट्रोल गाडीत तिथे रेस धरून ठेवावी लागते, आणि नवख्या चालकाचा क्लच त्यातच जळतो. याची भरपाई जिप्सी तिच्या वजनाने करते. टनभराच्या आसपास असलेली ही गाडी चिखलात रुतली, तर तिघाचौघांच्या धक्क्याने निघते. जड डिझेल गाडीला बहुधा दुसऱ्या गाडीचा दोर लागतो. ताडोबाच्या सफारीत वर्षानुवर्षे जिप्सीच दिसत आली, यामागे तिचा हलकेपणा आणि कमी आवाज हीदेखील कारणे आहेत, असे मला वाटते.

ओढा ओलांडण्याबाबत एक अर्धवट समज प्रचलित आहे. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे प्लगच्या वायरी भिजून बंद पडण्याची भीती त्यात नसते, हे खरे. पण एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलचे कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटीच्या जवळपास असल्याने हा फटका अधिक जबर बसतो. गाडी पाहताना एअर फिल्टरचा डबा उघडून आतल्या कोपऱ्यांत वाळलेल्या चिखलाची रेघ आहे का, हे अवश्य पाहावे.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी. गाडी पाहायला सकाळी जावे, आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. मी वाईजवळ एक डिझेल गाडी पाहायला गेलो होतो. बॉनेटवर हात ठेवला, तर पत्रा चांगलाच गरम होता. मालक म्हणाले, "आत्ताच अंगण झाडायला बाजूला घेतली." मी चहा घेतला, दोन तास थांबलो आणि मग सेल्फ मारला, गाडी सातव्या-आठव्या खेपेला कशीबशी सुरू झाली आणि पांढऱ्या धुराने अंगण भरून गेले. गार असताना उशिरा सुरू होणारे डिझेल म्हणजे ग्लो प्लग (गार इंजिन आतून तापवणारे), इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कशाची तरी तक्रार. पहिल्याचा खर्च किरकोळ, शेवटच्याचा अख्ख्या इंजिनाचा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून नुसते वर ठेवावे. थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे, पण झाकण उडत असेल आणि धुराचे झोत येत असतील, तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा असतो. जोर दिल्यावर सतत येणारा काळा धूर इंजेक्टरकडे किंवा टर्बोच्या फुटलेल्या होजकडे बोट दाखवतो. कॉमन रेल गाडीत चारही इंजेक्टरची रिटर्न तपासणी, म्हणजे प्रत्येकातून परत जाणारे डिझेल वेगवेगळ्या बाटलीत जमवून पाहणे, करून घेण्याचा आग्रह धरावा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि एका बाटलीत इतरांपेक्षा बरेच अधिक डिझेल जमले तर तो इंजेक्टर गेलेला आहे.

पेट्रोल गाडीची परीक्षा त्यामानाने सोपी असते. चारही प्लग काढून त्यांचा रंग पाहावा आणि कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. आता पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही विचार करावा लागतो, कारण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते बदलण्याचा खर्च किमतीतूनच वजा करून घ्यावा. टायमिंग बेल्ट जिप्सीलाही आहे आणि डस्टरलाही. तो कधी बदलला याचे बिल नसेल, तर बदललाच नाही असे धरावे.

इंजिन कोणतेही असो, फोर बाय फोर यंत्रणा शेतात किंवा कच्च्या वाटेवरच तपासावी. जिप्सी आणि जुन्या थारमध्ये मधले डिफरन्शियल (वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नसल्याने कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाके जोडून नेहमीच्या वेगाच्या जोडणीत, वळण घेतले, की सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीवर, येतो. हाय आणि लो दोन्ही टाकून पाहावे, जिप्सीचे पुढचे हब (चाकाच्या मध्यावरचे, चाक ॲक्सलला जोडणारे भाग) हाताने लॉक होतात की नाही ते पाहावे, आणि पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीसमिश्रित ऑइल ओघळलेले असेल, तर सील गेले आहे असे समजावे. डस्टरला लो रेंज नाही. तिच्या चारही टायरांची झीज सारखी असणे मात्र महत्त्वाचे आहे. कोकणात राहिलेल्या गाडीची चासी पाट्यांच्या स्प्रिंगच्या शॅकलपाशी, म्हणजे स्प्रिंग चासीला जिथे जोडली जाते तिथे, स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावी, कारण गंजलेल्या चासीवर कितीही चांगले इंजिन असले तरी ते व्यर्थ आहे.

कागदपत्रांत दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. अनेक जिप्सींमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवलेले असते. आरसीवर इंधन पेट्रोल आणि इंजिन क्रमांक जुनाच असेल, तर अशी गाडी घेऊ नये, कारण विमा आणि पुनर्नोंदणी दोन्ही अडतात. दुसरे म्हणजे, दिल्ली परिसरात १० वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात मिळाल्या आहेत. पण त्यांची एनओसी (तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र) आणावी लागते, महाराष्ट्रात रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, आणि डिझेल गाडीच्या टॅक्सचा दर पेट्रोल गाडीहून जास्त असतो. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल, तर पुनर्नोंदणी तपासणीचा खर्चही हिशेबात धरावा.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे ऑइल बदलून घ्यावे. काढलेले ऑइल पांढऱ्या कपड्यावर ओतून त्यात धातूचा चुरा किंवा दुधाळ पाणी दिसते का, ते स्वतः उभे राहून पाहावे. डिझेल गाडी असेल तर त्याच वेळी डिझेल फिल्टर बदलून त्यात साठलेले पाणी काढून टाकावे, आणि पहिल्या लांब प्रवासाला निघण्यापूर्वी एक फिल्टर जादा घेऊन ठेवावा.