जीमॅटच्या क्वांटची तयारी कशी करायची

जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा आणि क्वांट म्हणजे तिचा गणिताचा सेक्शन. क्वांट म्हटलं की बरेच जण आधी जाडजूड पुस्तक घेऊन फॉर्म्युले पाठ करत बसतात, पण यातलं गणित शाळेतलंच आहे हो. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, वेग-वेळ, समीकरणं, विभाज्यता, घातांक, थोडी प्रोबॅबिलिटी. २०२३ च्या शेवटी नवीन पॅटर्न आला त्यात भूमिती गेली, त्यामुळे जुन्या पुस्तकातले त्रिकोण-वर्तुळाचे धडे बिनधास्त सोडा. खरी अडचण वेळेची आहे, २१ प्रश्न, ४५ मिनिटं आणि कॅल्क्युलेटर नाही, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं.

जीमॅटच्या अधिकृत साइटवर दोन मॉक, म्हणजे सराव परीक्षा, फुकट मिळतात. त्यातली एक काहीही न वाचता आधीच देऊन टाका म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळतं, दुसरी शेवटच्या टप्प्यासाठी ठेवा.

मग हात बसवा. २५ पर्यंतचे वर्ग, १/८ म्हणजे १२.५ टक्के, १/६ म्हणजे साधारण १६.६७, असलं सगळं विचार न करता आठवलं पाहिजे.

आणि प्लीज, पर्याय वापरायला शिका! समजा विचारलंय की कुठल्या संख्येला ५ ने भागल्यावर ३ उरतात आणि ७ ने भागल्यावर ४, पर्याय २३, ३३, ३९, ४८, ५३. समीकरण मांडत बसू नका. ५ ने भागून ३ उरतात म्हणजे शेवटचा अंक ३ किंवा ८, ३९ गेला, बाकीच्यांना ७ ने भागून बघा, २३ ला २ उरतात, ३३ ला ५, ४८ ला ६, राहिला ५३ आणि तेच उत्तर, अर्ध्या मिनिटात काम झालं.

डेटा सफिशियन्सी आता डेटा इनसाइट्स या सेक्शनमध्ये असते, पण तयारी क्वांटसोबतच करा कारण गणित तेच आहे. तिथे उत्तर काढायचंच नसतं, दिलेली माहिती पुरेशी आहे का एवढंच ठरवायचं असतं. उदाहरणार्थ क्ष किती? पहिलं विधान, क्षचा वर्ग ४९. घाईत लोक ७ धरून मोकळे होतात, पण उणे ७ पण चालतो ना! दुसरं विधान, क्ष शून्यापेक्षा लहान. एकटं तेही पुरत नाही, दोन्ही मिळून पुरतात. दुसरं विधान वाचताना पहिलं डोक्यातून पूर्ण काढून टाकायचं, ही सवय मुद्दाम लावावी लागते.

चुकांची वही मात्र ठेवाच, माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क तिथूनच वाढतात. नुसतं बरोबर उत्तर लिहून ठेवण्यात अर्थ नाही, का चुकलं ते लिहा: कन्सेप्टच माहीत नव्हता, प्रश्न नीट वाचला नाही, की आकडेमोड गडबडली. दर आठवड्याला तेच प्रश्न वही झाकून परत सोडवा.

परीक्षेत एखादा प्रश्न अडला तर अंदाजाने पर्याय निवडा, बुकमार्क करा, पुढे चला. सेक्शन संपल्यावर वेळ उरला तर मागे जाऊन तीन उत्तरं बदलता येतात, पण प्रश्न तसेच सोडले तर स्कोअर कापला जातो, म्हणून शेवटची दोन मिनिटं राहिली की जे उरलेत त्या सगळ्यांना काहीतरी उत्तर देऊनच टाका.